फळझाडांची कॅनॉपी लेसर स्कॅनरने कशी मोजावी

लेसर स्कॅनरला पान म्हणजे काय ते कळत नाही. तो एका दिशेने किरण सोडतो, किरण अडला तर अंतर लिहितो, कोन जरासा बदलतो आणि पुन्हा तेच करतो. अंतरांच्या या यादीतून कॅनॉपीची, म्हणजे झाडाच्या फांद्या-पानांच्या पसाऱ्याची, उंची, घेर आणि पानांचे क्षेत्रफळ काढायचे काम आपले. मोजणी फसते ती बहुधा स्कॅनर साधा होता म्हणून नव्हे. तो तिरका बसलेला असतो, घड्याळे जुळलेली नसतात, नाहीतर झाडातून आरपार गेलेल्या किरणांची नोंद साफसफाईत उडवलेली असते.

आधी ठरवा: नेमके काय हवे आहे

फवारणीच्या द्रावणाचा अंदाज बांधायचा असेल तर उंची, रुंदी आणि आकारमान पुरते. छाटणी किंवा विरळणीनंतर उजेड आत किती शिरतो हे पाहायचे असेल तर पोकळीचे प्रमाण लागते, म्हणजे शंभरातले किती किरण झाडातून पार गेले. पानांचे क्षेत्रफळच हवे असेल तर वरचे दोन्ही लागतात, शिवाय काही झाडांची पाने खरोखर तोडून ताळा घ्यावा लागतो. या तिसऱ्या कामाला पहिल्याच्या कित्येक पट वेळ जातो. गरज नसताना त्यात पडू नये.

आकारमानाचे सर्वांत सोपे माप म्हणजे हेक्टरी ओळ-आकारमान. कॅनॉपीची उंची गुणिले रुंदी गुणिले १०,०००, भागिले दोन ओळींतले अंतर, सगळे मीटरमध्ये. उंची ३ मीटर, रुंदी १.५ मीटर, ओळी ५ मीटरवर असतील तर हेक्टरी ९,००० घनमीटर येतात. हेच गणित काठी आणि टेपनेही होते. मग स्कॅनर कशाला? काठीने हेक्टरी दहा-वीस ठिकाणी मोजता येते, स्कॅनरने ओळीच्या प्रत्येक दहा सेंटीमीटरला. कुठे झाड मेले आहे, कुठे वाढ खुंटली आहे, हे सरासरीत बुडून जात नाही.

स्कॅनर कोणता आणि कसा बसवायचा

ओळीने लावलेल्या बागेसाठी एका प्रतलात फिरणारा स्कॅनर हा अजूनही उत्तम पर्याय आहे. सिकचा एलएमएस १११ आणि होकुयोचा यूटीएम-३०एलएक्स हे या कामात बरेच वापरले गेले आहेत. दोन्ही ९०५ नॅनोमीटरच्या अवरक्त लेसरवर चालतात आणि २७० अंशांचा पट्टा बघतात. होकुयो ०.२५ अंशाच्या पावलाने सेकंदाला ४० फेऱ्या मारतो. सिक त्याच पावलाने २५, किंवा ०.५ अंशाच्या पावलाने ५०.

स्कॅनर असा बसवा की किरणांचे प्रतल उभे राहील आणि चालण्याच्या दिशेला काटकोनात असेल. मग गाडी पुढे सरकेल तशी झाडाची एकेक उभी चकती कापली जाते. उंची कॅनॉपीच्या मध्यावर ठेवा. पाला ०.६ मीटरवर सुरू होऊन ३.६ मीटरवर संपत असेल तर स्कॅनर २.१ मीटरवर. खाली बसवला तर खालच्या फांद्या शेंड्याला झाकतात. फार वर बसवला तर बुंध्याजवळचा पाला दिसत नाही.

सोळा किरणांचे फिरते स्कॅनर, उदाहरणार्थ वेलोडाइनचा व्हीएलपी-१६, हाती असतील तर एक चूक हमखास होते. लोक तो मोटारीवर बसवतात तसा उभा बसवतात. त्याचे सोळा किरण वर-खाली मिळून ३० अंशांतच असतात, त्यामुळे २ मीटर अंतरावर झाडाचा जेमतेम १.०७ मीटरचा पट्टा दिसतो. तो आडवा पाडून बसवा, म्हणजे फिरण्याचे वर्तुळ उभे होईल आणि जमिनीपासून शेंड्यापर्यंत सगळे एका फेरीत येईल.

ड्रोनवरच्या लायडरने, म्हणजे लेसर स्कॅनरनेच, उंची आणि वरून दिसणारा घेर पटकन मिळतो, पण दाट झाडाच्या कुशीतला पाला त्याला फारसा दिसत नाही. फोनमधला लायडर ५ मीटरपर्यंतच पोचतो. खोडाचा घेर मोजायला तो ठीक, पानांसाठी नको.

बसवल्यावर लेव्हल लावून बघा. आडवा कल २ अंशांचा असेल तर ४ मीटरवरचा बिंदू १४ सेंटीमीटर वर किंवा खाली जातो. दोन ओळींमधला पट्टा उतरता असेल किंवा चाकोरीत खड्डे असतील तर गाडी डुलणारच. तेव्हा कल मोजणारा आयएमयू स्कॅनरच्या चौकटीवरच घट्ट बसवा. ट्रॅक्टरच्या केबिनमध्ये ठेवलेला आयएमयू केबिनचा कल सांगतो, स्कॅनर ज्या खांबावर आहे त्या मास्टचा नाही.

वेग आणि बिंदूंचे जाळे

समजा ओळी ५ मीटरवर आहेत आणि गाडी पट्ट्याच्या मधोमध चालते. खोडांची रेषा २.५ मीटरवर येते. तिथे ०.२५ अंशाच्या पावलाने वर-खाली बिंदूंमधले अंतर १.१ सेंटीमीटर. चालण्याच्या दिशेत ते वेग भागिले फेऱ्या: सेकंदाला १ मीटर वेग आणि ४० फेऱ्या म्हणजे २.५ सेंटीमीटर. वेग निम्मा केला की १.२५, म्हणजे जाळे दोन्ही दिशांना साधारण सारखे विणले जाते. पानांच्या क्षेत्रफळासाठी या निम्म्या वेगाने चला. नुसत्या आकारमानासाठी ताशी ३.६ किलोमीटर, म्हणजेच सेकंदाला १ मीटर, चालेल.

पण बिंदू जवळ आले म्हणजे तपशील वाढला असे नाही. लेसरचा झोत सुईसारखा बारीक नसतो. १५ मिलिरेडियनने, म्हणजे मीटरमागे १५ मिलिमीटर, फाकणारा झोत २ मीटरवर मूळ जाडीपेक्षा ३ सेंटीमीटरने रुंद होतो. बिंदू एकेक सेंटीमीटरवर आणि झोत तीन सेंटीमीटरहून रुंद, म्हणजे शेजारचे बिंदू एकमेकांवर चढलेले. स्कॅनर घेताना माहितीपत्रकातला हा आकडा पाहावा. कमाल पल्ला ३० मीटर की १०० मीटर याला बागेत फारसा अर्थ नाही.

घड्याळे जुळवणे

ओळ दोन्ही बाजूंनी स्कॅन करून जोडायची असेल तर प्रत्येक फेरीच्या क्षणी स्कॅनर कुठे होता हे नेमके कळायला हवे. त्यासाठी आरटीके जीएनएसएस, म्हणजे जमिनीवरच्या ठाण्याकडून दुरुस्ती घेणारी उपग्रहांची स्थाननिश्चिती, वापरतात. फिक्स, म्हणजे पक्की जागा, मिळालेला असेल तर चूक एक-दोन सेंटीमीटरची असते. अँटेना शेंड्यांच्या वर काढा. दाट झाडांच्या मधल्या पट्ट्यात उपग्रह झाकले जातात, फिक्स सुटून फ्लोट, म्हणजे ढोबळ जागा, होतो, आणि तो भाग नंतर जुळत नाही. फाइलमध्ये प्रत्येक नोंदीसोबत फिक्स की फ्लोट हेही लिहिले जाते आहे ना, ते बघा.

खरी अडचण वेळेची असते. स्कॅनरची नोंद संगणकाच्या घड्याळावर, जागेची नोंद उपग्रहांच्या घड्याळावर. दोन्हींत ०.१ सेकंदाचा फरक असला तर सेकंदाला १ मीटर वेगात झाड १० सेंटीमीटर पुढे किंवा मागे सरकते. परतीच्या फेरीत ते उलट दिशेला सरकते, म्हणून दोन बाजूंमधली फट २० सेंटीमीटरची होते. पडद्यावर एकाच झाडाला दोन खोडे दिसू लागली की हा संशय धरा.

मात्र अशीच फट अँटेना आणि स्कॅनर यांच्यातले पुढे-मागे अंतर चुकीचे भरल्यानेही पडते. दोन्ही वेगळे ओळखण्याची युक्ती सोपी आहे. ओळीत एक सरळ खांब उभा करा आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी उलट दिशांनी जा, आधी सेकंदाला १ मीटर वेगाने, मग ०.५ मीटर वेगाने. वेळेची चूक वेगानुसार बदलते, अंतराची चूक बदलत नाही. समजा पहिल्या वेळी खांबाच्या दोन प्रतिमांत २४ सेंटीमीटर फट आली, दुसऱ्या वेळी १६. त्यांचे निम्मे १२ आणि ८. वेग ०.५ मीटरने घटला आणि चूक ४ सेंटीमीटरने, म्हणजे घड्याळात ०.०८ सेकंदाचा फरक. १ मीटर वेगाला त्यातले ८ सेंटीमीटर जातात, उरलेले ४ अँटेनाच्या अंतरातले. दोन्ही दुरुस्त करा आणि खांब पुन्हा स्कॅन करून बघा.

जीएनएसएस नसेल तर चाकाला त्याचे फिरणे मोजणारा एन्कोडर लावून काम भागते. ओळीच्या दोन्ही टोकांना खांब रोवा, त्यांच्यातले अंतर टेपने मोजा आणि चाकाने दाखवलेले अंतर त्या मापाला ताणून किंवा आखडून बसवा. ओल्या जमिनीत चाक घसरते, तेव्हा लांब ओळीत मध्येही एखादा खांब हवा.

कोणत्या वेळी स्कॅन करावे

वाऱ्याला सर्वांत आधी बघा. ब्यूफोर्ट मापावर ३ क्रमांकाच्या वाऱ्यात, सेकंदाला ३.४ ते ५.४ मीटर, पाने आणि बारीक डहाळ्या सतत हलत असतात. तेव्हा दोन बाजूंचे स्कॅन जोडले तर एकच डहाळी दोन ठिकाणी उमटते आणि आकारमान फुगते. एका बाजूने काढलेल्या पोकळीच्या प्रमाणाला हलत्या पानांचा तेवढा त्रास होत नाही. पहाटे वारा पडलेला असतो, पण दव असते. ओल्या पानांवरून परतणाऱ्या किरणाची तीव्रता बदलते, काही किरण परततच नाहीत आणि ते पार गेल्यासारखे मोजले जातात. दव उडाले आणि वारा उठला नाही ही मधली वेळ बहुधा सर्वांत सोयीची. दाट धुक्यात आणि फवारणी चालू असताना स्कॅन करू नका, थेंबांवरून खोटे बिंदू येतात.

काचेवर धूळ बसते. दर ओळीनंतर मऊ कापडाने पुसा. कोरड्या पट्ट्यात गाडीने उडवलेली धूळही बिंदू म्हणून उमटते, त्यामुळे स्कॅनर गाडीच्या पुढच्या बाजूला असलेला बरा. असे बहुतेक स्कॅनर डोळ्यांसाठी सुरक्षित अशा वर्ग १ मध्ये मोडतात. तरी लेबल एकदा वाचा.

कच्ची नोंद आणि पार गेलेले किरण

कामाला लागण्याआधी स्कॅनर मोकळ्या आभाळाकडे रोखून दोन मिनिटांची फाइल बनवा आणि उघडून बघा. न परतलेला किरण तुमच्या यंत्रात कसा लिहिला जातो? काहींत शून्य, काहींत अनंत, काहींत पल्ल्याबाहेरचा एखादा आकडा. काही सॉफ्टवेअर बिंदूंची एलएएस फाइल बनवताना अशा नोंदी गाळूनच टाकते. पानांच्या हिशेबात हे किरण म्हणजे पोकळीचा पुरावा. तेव्हा कच्ची फाइल, कोनाच्या क्रमांकासकट, जशीच्या तशी जपा.

तेच शेजारच्या ओळीचे. झाडातल्या फटीतून गेलेला किरण पलीकडच्या ओळीवर आपटतो. आकारमानासाठी तो बिंदू कचरा आहे आणि साफ करताना तो काढला जातोच. पण तो किरण आपल्या झाडातून पार गेला ही माहिती त्याच बिंदूत होती. म्हणून आधी किरणांची मोजदाद, मग साफसफाई. हा क्रम उलटला की झाड प्रत्यक्षाहून गच्च भरलेले दिसते आणि चूक कुठे झाली हे शोधत बसावे लागते.

साफसफाईत पुढच्या गोष्टी काढायच्या:

- स्कॅनरपासून अर्ध्या मीटरच्या आतले बिंदू. ते गाडीचे भाग, केबल किंवा धूळ असतात.
- जमीन. क्लाउडकम्पेअर या मोफत सॉफ्टवेअरमधले जमीन वेगळी काढणारे सीएसएफ प्लगइन ठीक काम करते. गवत वाढलेले असेल तर जमिनीपासून ३० सेंटीमीटरपर्यंतचे सगळेच कापा. लोंबत्या फांद्यांचा थोडा पाला त्यात जाईल, ते लिहून ठेवा.
- खांब, तारा, ठिबकच्या नळ्या, गारांपासून वाचवणारी जाळी. जाळी वरच असेल तर तिच्याखालची उंचीची सीमा हाताने द्या.
- हवेत लटकलेले भुताटकी बिंदू. झोताचा अर्धा भाग पानाच्या कडेवर आणि अर्धा मागच्या फांदीवर पडला की काही स्कॅनर दोन्हींच्या मधले अंतर देतात, जिथे काहीच नसते. पहिला आणि शेवटचा असे एकाहून अधिक प्रतिध्वनी देणारा स्कॅनर असेल तर हे बरेच कमी होते.

या शेवटच्या प्रकारासाठी लोक एसओआर फिल्टर, म्हणजे शेजाऱ्यांपासून फार दूर पडलेले बिंदू काढणारी चाळणी, चालवतात. क्लाउडकम्पेअरमध्ये तो मुळात ६ शेजारी आणि १ प्रमाण विचलनावर असतो. शेंड्याकडच्या सुट्या फुटीसाठी हे फार कडक आहे. कोवळी फूट विरळ बिंदूंची असते आणि भुतांबरोबर तीही जाते. विचलन २ किंवा ३ वर न्या आणि आधी-नंतरचा शेंडा शेजारी ठेवून डोळ्यांनी बघा.

आकारमान

सगळे बिंदू गुंडाळणारे बहिर्वक्र कवच काढू नका. दोन फांद्यांमधली हवाही ते झाडात धरते. ओळ १० सेंटीमीटरच्या चकत्यांत कापा, प्रत्येक चकतीत उंचीचे १० सेंटीमीटरचे थर करा आणि प्रत्येक थराची रुंदी मोजा. रुंदीसाठी सर्वांत बाहेरचा बिंदू घेतला तर एक चुकार फूट सगळे बिघडवते. ९५ टक्के बिंदू ज्याच्या आत येतात ते अंतर घ्या.

दुसरी पद्धत घनाकार डब्यांची, म्हणजे व्हॉक्सेलची. ज्या डबीत बिंदू आहे ती भरलेली, आणि भरलेल्या डब्यांची बेरीज हे आकारमान. डबी मोठी केली की तेच झाड मोठे दिसते. १० सेंटीमीटरच्या डबीने काढलेला आकडा ५ सेंटीमीटरच्या आकड्याशी ताडून पाहता येत नाही, हे अहवाल लिहिणारेही विसरतात.

पानांचे क्षेत्रफळ

बिंदू जास्त म्हणजे पाने जास्त, असे दाट झाडात होत नाही. बाहेरचा थर बहुतेक किरण अडवतो, आतल्या पानांपर्यंत फार थोडे पोचतात, आणि एका मर्यादेनंतर पाला दुप्पट झाला तरी बिंदू तेवढेच राहतात. म्हणून प्रत्येक डबीत शिरलेले किरण आणि त्यातून पुढे गेलेले किरण वेगळे मोजायचे. बीअर-लॅम्बर्टच्या नियमाने: पार गेलेल्या प्रमाणाचा नैसर्गिक लॉगॅरिदम घ्या, चिन्ह बदला, आणि किरणाचा डबीतला मार्ग गुणिले प्रक्षेप-गुणांक (पानांच्या क्षेत्रफळातला किरणाच्या दिशेने दिसणारा हिस्सा) याने भागा. पाने सगळ्या दिशांना सारखी तोंड करून असतील तर हा गुणांक ०.५ असतो.

एक डबी घेऊन बघू. बाजू १० सेंटीमीटर. ४० किरण शिरले, २८ पुढे गेले, प्रमाण ०.७. लॉगॅरिदम उणे ०.३५७. मार्ग ०.१ मीटर धरला तर ०.३५७ भागिले ०.०५, म्हणजे घनमीटरला सुमारे ७.१ चौरस मीटर पाने. डबीचे आकारमान ०.००१ घनमीटर, तेव्हा तिच्यात साधारण ७१ चौरस सेंटीमीटर पाला. किरण तिरका जात असेल तर मार्ग १० सेंटीमीटरहून वेगळा असतो, तो प्रत्येक किरणासाठी भूमितीने काढायचा.

एकही किरण पार गेला नाही तर लॉगॅरिदम अनंताकडे जातो. अशा डबीला वरची मर्यादा घालावी लागते. १० पेक्षा कमी किरण शिरले असतील तर ती डबी ‘अपुरी’ म्हणून वेगळी काढा, रिकामी धरू नका. रिकामी आणि न दिसलेली यांतला फरक पुसला गेला की दाट झाडांचा पाला दर वेळी कमीच भरतो. अपुऱ्या डब्या त्याच उंचीवरच्या, तेवढ्याच खोलीवरच्या डब्यांच्या सरासरीने भरता येतात, पण त्यांचे प्रमाण निकालासोबत द्या. ते एक तृतीयांशावर गेले तर आकड्यावर फार विसंबू नये.

यात दोन चुका उलट दिशांना ओढतात. जाड झोत पानाच्या कडेला नुसता शिवला तरी अडलेला मोजला जातो, त्यामुळे पाला जास्त भरतो. पाने झुबक्यांनी असतील तर एकामागे एक लपतात आणि पाला कमी भरतो. दोन्हींचा निव्वळ परिणाम जातीनुसार आणि छाटणीच्या पद्धतीनुसार बदलतो. म्हणूनच ताळा घ्यायचा.

पाने तोडून ताळा

१. विरळ, मध्यम आणि गच्च अशा सगळ्या प्रकारांतून मिळून १० ते १२ तुकडे निवडा. सलग भिंतीसारख्या ओळीत १ मीटरचा तुकडा, सुट्या झाडात पूर्ण झाड किंवा चतुर्थांश. तुकड्याच्या दोन्ही कडांना स्कॅनमध्ये दिसतील अशा सपाट पट्ट्या उभ्या करा.

२. दोन्ही बाजूंनी स्कॅन करा. मग लगेच, त्याच दिवशी, त्या तुकड्यातली सगळी पाने तोडून बंद पिशव्यांत भरा. उघडी पाने भराभर सुकतात आणि वजन घटते.

३. सगळा पाला तोला. त्यातून १०० पाने सरमिसळ करून काढा, त्यांचे वजन करा, फ्लॅटबेड स्कॅनरवर पसरून क्षेत्रफळ मोजा.

४. १०० पाने ६२ ग्रॅम आणि ०.२५ चौरस मीटर भरली, एकूण पाला ९.३ किलो असेल, तर ९,३०० भागिले ६२ गुणिले ०.२५, म्हणजे ३७.५ चौरस मीटर.

एका झाडातून जास्त माहिती काढायची तर पाव हिस्सा पाने तोडा, स्कॅन करा, पुन्हा पाव तोडा, पुन्हा स्कॅन. चार टप्प्यांत वक्र दिसतो. पण हे चार बिंदू एकाच झाडाचे आहेत, चार झाडे म्हणून मिरवू नयेत.

कोवळ्या फुटीच्या काळात काढलेला संबंध पक्क्या पानांना लावू नका. पानाची जाडी, कोन आणि आकार सगळेच बदललेले असते.

फांद्या आणि फळे

किरणाला लाकूडही अडवते. सफरचंद, नाशपाती, पीच यांसारखी पानगळ होणारी झाडे असतील तर पाने नसताना एकदा स्कॅन करा आणि तेवढा अडथळा वजा करा. पानांच्या आड झाकलेले लाकूड त्या वेळी उघडे दिसते, म्हणून सरळ वजाबाकीत लाकूड थोडे जास्त कापले जाते. आंबा, लिंबूवर्गीय, ऑलिव्ह यांना ही सोय नाही. तिथे बिंदूंच्या मांडणीवरून लाकूड वेगळे काढतात: फांदीचे बिंदू रेषेत असतात, पानांचे पसरट किंवा विखुरलेले. १५५० नॅनोमीटरचा स्कॅनर असेल तर तीव्रतेचीही मदत होते, कारण पानातले पाणी ती तरंगलांबी शोषते आणि पान लाकडापेक्षा काळपट दिसते. ९०५ वर हा फरक विश्वास ठेवण्याइतका नसतो.

फळे धरल्यावर दोन गोष्टी घडतात. फळे स्वतः किरण अडवतात, आणि त्यांच्या वजनाने फांद्या झुकून ओळ रुंद होते. पाला तेवढाच असताना आकारमान वाढलेले दिसले तर आधी फळांचा भार विचारात घ्या. काढणीनंतर आठवडाभरात तेच झाड पुन्हा स्कॅन केले की यातला फळांचा वाटा बराचसा उघड होतो.

दर फाइलसोबत तारीख, स्कॅनरची उंची, कोनाचे पाऊल, फेऱ्या, वेग, वाऱ्याचा अंदाज, डबीचा आकार, फिल्टरचे आकडे आणि शेवटची छाटणी केव्हा झाली ते एका ओळीत लिहा. पुढच्या हंगामात यातले एकही बदलले असेल तर ताळ्याचे किमान तीन-चार तुकडे पुन्हा तोडावे लागतील.